खेळ चौघांचा, डोकं एकाचंच: पार्टनरशिप करणाऱ्यांनी बोर्ड गेमकडून काय शिकावं?



पार्टनरशिपवरच्या व्हिडिओत मी एका बोर्ड गेमचा विषय काढला होता. व्हिडिओत तो दोन मिनिटांत उरकावा लागला. पण ज्यांना मित्रासोबत, भावासोबत, बचत गटात किंवा नवरा-बायको मिळून धंदा सुरू करायचाय, त्यांच्यासाठी हा विषय दोन मिनिटांचा नाही. म्हणून इथे निवांत सांगते. चहा घेऊन बसा.

सगळे जिंकणार, नाहीतर सगळे हरणार

आपण लहानपणापासून जे खेळ खेळलो, लुडो, कॅरम, व्यापार, त्यात एक जिंकतो आणि बाकीचे हरतात. पण बोर्ड गेमचा एक वेगळा प्रकार आहे, त्याला कोऑपरेटिव्ह गेम म्हणतात. म्हणजे सहकारी खेळ. यात खेळाडू एकमेकांविरुद्ध नसतात. सगळे खेळाडू एका बाजूला आणि खेळ दुसऱ्या बाजूला. जिंकलो तर सगळे, हरलो तर सगळे.

यातला सगळ्यात गाजलेला खेळ म्हणजे पँडेमिक. मॅट लीकॉक या अमेरिकन डिझायनरने बनवलेला हा खेळ २००८ साली बाजारात आला. म्हणजे कोरोनाच्या कितीतरी आधी. बोर्डवर जगाचा नकाशा, त्यावर ४८ शहरं. आपली मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता चारही आहेत. चार रोग पसरत असतात आणि दोन ते चार खेळाडूंनी मिळून चारही रोगांवर औषध शोधायचं. प्रत्येकाला एक भूमिका मिळते. कोणी मेडिक, कोणी सायंटिस्ट, कोणी डिस्पॅचर. आपली पाळी आली की चार कामं करता येतात: दुसऱ्या शहरात जाणं, रोगाचे क्यूब काढणं, पत्ता देणं वगैरे. जिंकायचा रस्ता एकच आहे. हरायचे तीन: साथीचे आठ उद्रेक झाले, एखाद्या रोगाचे क्यूब संपले, किंवा पत्ते संपले.

ऐकायला एकदम टीमवर्क वाटतं ना? आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा.

टेबलावर एक कारभारी तयार होतो

चौघं खेळायला बसले. त्यातल्या एकाने हा खेळ आधी पाच-सहा वेळा खेळलेला आहे. पहिल्या दोन पाळ्या सगळे आपापल्या डोक्याने खेळतात. तिसऱ्या पाळीला तो म्हणतो, "अरे थांब, तू मेडिक आहेस ना, मग मुंबईहून दिल्लीला जा, तिथले क्यूब काढ, मग चेन्नईला ये, तिथलेही काढ. झाली तुझी चार कामं." सल्ला बरोबर असतो. म्हणून समोरचा ऐकतो. पुढच्या पाळीला तो स्वतःच विचारतो, "मी काय करू रे?" त्याच्या पुढच्या पाळीला विचारतही नाही, नुसता प्यादं हातात धरून बसतो. अर्ध्या तासाने चौघांपैकी एक जण खेळतोय आणि तिघं त्याचे हात झालेत. एक जण मोबाईल बघतोय.

बोर्ड गेमच्या जगात या माणसाला अल्फा प्लेअर म्हणतात आणि या प्रकाराला क्वार्टरबॅकिंग. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू सगळ्यांना चाल सांगतो, त्यावरून हे नाव आलं. आपण त्याला सरळ कारभारी म्हणूया. आणि बाकीचे तिघं? त्यांच्यासाठी आपल्याकडे शब्द तयार आहे: सांगकामे.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कारभारी वाईट माणूस नसतो. बहुतेक वेळा तो टेबलावरचा सगळ्यात जास्त तयारी केलेला माणूस असतो. त्याला सगळ्यांनी जिंकावं असंच वाटत असतं. आणि सांगकाम्यांनाही ते सोयीचं असतं. डोक्याला ताप नाही, आणि हरलो तर "तूच सांगितलं होतंस" म्हणायला मोकळे. एकट्याच्या हट्टाने कारभारी तयार होत नाही. बाकीच्यांच्या गप्प बसण्याचाही त्यात वाटा असतो.

मग पँडेमिकमध्येच हे इतकं सहज का होतं? कारण या खेळात जवळपास सगळं उघड असतं. बोर्ड सगळ्यांना दिसतो. कोणाकडे कोणते पत्ते आहेत ते बोलून सांगता येतं. घाई नाही, एकेकाची पाळी येते. म्हणजे एका हुशार डोक्यात सगळी माहिती मावते. एकच माणूस चारही भूमिका स्वतः घेऊन हा खेळ एकटा खेळू शकतो, आणि कितीतरी जण तसा खेळतातही. मग बाकीच्या तिघांची गरज काय?

हाच प्रश्न आपल्याला धंद्यात विचारायचा आहे.

धंद्यात पत्ते उघडे नसतात

समजा, तीन मैत्रिणींनी मिळून पुण्यात डब्यांचा व्यवसाय सुरू केला. पहिलीला नोकरीचा अनुभव आहे, ती हिशोब आणि खरेदी बघते. दुसरी स्वयंपाक सांभाळते. तिसरी डबे पोचवते आणि पैसे गोळा करते. पहिली हुशार आहे, बोलायला पटाईत आहे, दर मीटिंगला वही घेऊन येते. हळूहळू सगळे निर्णय तीच घ्यायला लागते. दोघी "बरं" म्हणतात.

मार्चमध्ये ती ठरवते, धंदा वाढतोय, तर तांदूळ, डाळ, तेल होलसेलमध्ये तीन महिन्यांचं एकदम भरू. भाव चांगला मिळतोय. कागदावर हिशोब एकदम बरोबर आहे.

पण तिसरीला माहीत आहे की निम्मे डबे हॉस्टेलच्या मुलांचे आहेत, परीक्षा संपल्या की ती गावी जाणार. दुसरीला माहीत आहे की भाजी रोज तीच तीच येते म्हणून दोन ऑफिसांतले डबे अर्धे परत येतायत. दोघी बोलत नाहीत. कारण याआधी दोन-तीनदा बोलल्या तेव्हा "अगं तुला हिशोब कळत नाही, मी बघते" असं ऐकावं लागलं होतं. मे महिन्यात माल पडून, पैसा अडकलेला, आणि तिघी एकमेकींशी बोलेनाशा झालेल्या.

इथे पहिलीची हुशारी कमी पडली का? नाही. तिचा हिशोब तिच्या हातातल्या पत्त्यांपुरता बरोबरच होता. तिला वाटलं, सगळा बोर्ड आपल्याला दिसतोय. तो दिसत नव्हता.

आता दुसरा एक खेळ सांगते. त्याचं नाव हनाबी. जपानी भाषेत हनाबी म्हणजे आतषबाजी. फ्रान्सच्या आंत्वान बोझा याचा हा खेळ २०१३ साली जर्मनीतल्या 'श्पील देस यारेस' या बोर्ड गेमच्या मोठ्या पुरस्काराचा मानकरी ठरला. यात ५० पत्ते असतात, पाच रंग, प्रत्येक रंगात १ ते ५ आकडे. सगळ्यांनी मिळून प्रत्येक रंग १ पासून ५ पर्यंत क्रमाने लावायचा. गंमत कुठे आहे? पत्ते उलटे धरायचे. म्हणजे माझे पत्ते तुम्हा सगळ्यांना दिसतात, फक्त मलाच दिसत नाहीत! माझ्या हातात काय आहे हे मला तुम्हीच सांगणार, तेही मोजक्या इशाऱ्यांत: फक्त रंग किंवा फक्त आकडा. त्यासाठी आठ टोकन असतात. आणि तीनदा चुकीचा पत्ता टाकला की खेळ खलास.

या खेळात कारभारी जन्माला येणं फार अवघड आहे. कारण कितीही हुशार असलात तरी स्वतःचेच पत्ते तुम्हाला दिसत नाहीत. तुम्हाला समोरच्याची गरज लागतेच.

माझं म्हणणं एवढंच आहे: आपला धंदा हनाबीसारखा असतो, आणि मालक तो पँडेमिकसारखा खेळत असतो. काउंटरवरच्या मुलाला माहीत असतं की गिऱ्हाईक काय मागून रिकाम्या हाताने परत जातंय. पोरगा डिलिव्हरीला जातो, त्याला माहीत असतं की समोरच्या सोसायटीने दुसरीकडून माल घ्यायला सुरुवात केलीय. उधारीची वही सांभाळणाऱ्या वहिनींना माहीत असतं, कोण महिनाभर तोंड चुकवतोय. मालकाचे पत्ते मालकाला सोडून सगळ्यांना दिसतायत!

खेळ बनवणाऱ्यांनी काय उपाय काढले?

मला या खेळांचं सगळ्यात कौतुक याचं वाटतं की डिझायनर लोकांनी कारभाऱ्याला "जरा गप्प बस" असा उपदेश केला नाही. उपदेशाने एखादी मीटिंग सुधारते, पुढच्या मीटिंगला पुन्हा तेच. त्यांनी खेळाचे नियमच असे केले की एकट्याने निर्णय घेणं जमणारच नाही. चार उपाय बघूया, आणि प्रत्येक उपाय आपल्या दुकानात कसा आणायचा तेही.

१. ज्याच्याकडे पत्ता, त्याची चाल. द क्रू नावाचा जर्मन खेळ २०१९ साली आला. मेंढीकोट खेळलेल्या माणसाला तो लगेच समजेल. तेच हात करणं, तोच हुकूम. मेंढीकोटमध्ये भिडूचे पत्ते आपल्याला दिसत नाहीत आणि खाणाखुणा केल्या तर भांडण होतं, बरोबर? द क्रूमध्ये सगळेच एकमेकांचे भिडू, आणि खाणाखुणांना बंदी. एका डावात प्रत्येकाला एकदाच, एकच पत्ता दाखवून एवढंच सांगता येतं की हा माझा त्या रंगातला सगळ्यात मोठा आहे, सगळ्यात लहान आहे, की एकुलता एक आहे. बाकी चाल ज्याची त्याने ठरवायची.

दुकानात काय करायचं? कोणत्या विषयाची माहिती कोणाकडे आहे ते लिहून काढा. मग त्या विषयावर आधी तोच बोलणार, असा नियम करा. डिलिव्हरीच्या विषयावर डिलिव्हरीवाली पहिली बोलेल. मालक शेवटी. मालक आधी बोलला की बाकीचे त्याच्याच सुरात सूर मिसळतात. होयबा असेच तयार होतात.

२. वेळ कमी ठेवा. स्पेस अलर्ट या २००८ च्या खेळात एक ध्वनिफीत चालू असते आणि सुमारे १० मिनिटांत सगळ्यांना आपापल्या हालचाली ठरवायच्या असतात. मॅजिक मेझ या २०१७ च्या खेळात तर वाळूचं घड्याळ चालू असतं, बोलायला बंदी असते, आणि प्यादी सगळ्यांची सामायिक. पण एकाला ती फक्त वर नेता येतात, दुसऱ्याला फक्त उजवीकडे. इतक्या घाईत दुसऱ्याचं काम सांगत बसायला वेळच उरत नाही. कोणी अडून बसलं तर एक मोठं लाल प्यादं त्याच्यासमोर ठेवायचं. अर्थ एवढाच: "काहीतरी तुझ्याकडून व्हायचंय." पण काय करायचं ते सांगायचं नाही! हे मला फार आवडतं.

दुकानात याचा अर्थ घाईघाईत निर्णय घ्या असा नाही. रोजच्या कामाच्या छोट्या निर्णयांना वेळेची मर्यादा घाला आणि ते जागेवरच्या माणसाला घेऊ द्या. पाचशे रुपयांपर्यंतचा माल बदलून द्यायचा की नाही हे काउंटरने ठरवावं, मालकाला फोन नको. आकडा तुमच्या धंद्याप्रमाणे ठरवा, पण ठरवा आणि लिहून लावा.

३. प्रत्येकाला पूर्ण काम द्या, तुकडा नको. स्पिरिट आयलंड हा २०१७ चा खेळ. यात प्रत्येक खेळाडू बेटाचा एक रक्षक आत्मा असतो. प्रत्येकाच्या शक्ती वेगळ्या, नियम वेगळे, पत्ते वेगळे. स्वतःचंच सांभाळताना इतकं डोकं चालवावं लागतं की शेजाऱ्याच्या डावात नाक खुपसायला ताकद उरत नाही. तरी एकमेकांना "मला या किनाऱ्यावर मदत हवीय" असं सांगावंच लागतं.

धंद्यात आपण उलटं करतो. कारभारी सगळ्यांना तुकडे वाटतो: "तू हे पॅक कर, तू तिकडे दे." तुकडा मिळालेला माणूस विचार करत नाही. त्याऐवजी एक पूर्ण विषय सोपवा. "दिवाळीचे गिफ्ट बॉक्स तुझे. खरेदी, भाव, मांडणी, उरलेला माल, सगळं तुझं." बजेट ठरवून द्या, मध्ये एकदा विचारा, शेवटी हिशोब घ्या. माझ्या दुकानात स्टेशनरीचा शाळा-सुरूचा सीझन अशाच पद्धतीने चालतो.

४. परवानगीशिवाय प्यादं हलवायचं नाही. पुन्हा पँडेमिककडे येऊ. त्यात डिस्पॅचर या भूमिकेला दुसऱ्याचं प्यादं हलवायची ताकद आहे. पण नियमपुस्तिकेत सोबत अट आहे: त्या प्याद्याच्या मालकाची हरकत नसेल तरच. ज्या खेळात कारभारी सगळ्यात सहज तयार होतो, त्याच्याच नियमात ही अट आहे. खेळताना लोक ती विसरतात, इतकंच.

दुकानातही तेच. पार्टनरने एखाद्या सप्लायरला शब्द दिलाय, तर तो मोडण्याआधी त्याला विचारा. स्टाफने गिऱ्हाइकाला भाव सांगितलाय, तर त्याच्यादेखत तो बदलू नका.

एक पाचवा उपायही खेळांत आहे, तो मात्र दुकानात आणू नका. शॅडोज ओव्हर कॅमलॉट या २००५ च्या खेळात खेळाडूंपैकी एक जण गुपचूप गद्दार असू शकतो. मग कारभाऱ्याचं आंधळेपणाने कोण ऐकणार? खेळात धमाल येते. पण धंद्यात संशय पेरून कारभारी आवरणं म्हणजे उंदीर मारायला घर जाळणं.

कायदाही हेच सांगतो

आता जरा गंभीर भाग. "मी नुसती नावाला पार्टनर आहे, निर्णय तोच घेतो" असं म्हणणारे खूप भेटतात. त्यांनी हे नक्की वाचा.

भारतीय भागीदारी कायदा, १९३२. कलम १२ मध्ये म्हटलंय की धंद्याच्या नेहमीच्या बाबींत मतभेद झाला तर बहुमताने निर्णय घेता येतो, पण निर्णय होण्याआधी प्रत्येक भागीदाराला आपलं मत मांडायचा हक्क आहे. आणि धंद्याचं स्वरूपच बदलायचं असेल तर सगळ्या भागीदारांची संमती लागते. त्याच कलमात प्रत्येक भागीदाराला हिशोबाच्या वह्या बघायचा आणि त्यांची नक्कल घ्यायचा हक्क दिलाय. भागीदारांनी आपसातल्या करारात वेगळं ठरवलं असेल तर ते लागू होतं. म्हणून डीडवर सही करण्याआधी ती वाचा.

आणि आता कलम २५. भागीदार असताना फर्मने जे काही केलं, त्याची जबाबदारी प्रत्येक भागीदारावर येते, सगळ्यांसोबत आणि एकट्यावरही. म्हणजे डब्याच्या गोष्टीतल्या दुसरी आणि तिसरीने "आम्ही गप्प होतो" म्हटलं तरी होलसेलरची थकबाकी त्यांच्याकडूनही वसूल होऊ शकते. बोर्ड गेममध्ये सगळे मिळून हरले की डबा बंद करून घरी जाता येतं. इथे येत नाही.

मग सगळं चर्चेनेच ठरवायचं का?

नाही. काही ठिकाणी एकाचंच चाललं पाहिजे. दुकानात शॉर्ट सर्किट झालं तर मीटिंग घेत नाहीत. जीएसटी रिटर्न कधी भरायचं यावर मतदान नसतं. ज्याला ते काम येतं त्याने करावं आणि बाकीच्यांनी ऐकावं. शिवाय प्रत्येक फुटकळ गोष्टीवर चर्चा करत बसलात तर गिऱ्हाईक निघून जाईल.

ओळखायचं कसं? साधा प्रश्न विचारा: या निर्णयासाठी लागणारी सगळी माहिती एका माणसाकडे आहे का? असेल, तर त्याला ठरवू द्या. दोघा-तिघांकडे विखुरलेली असेल, तर सगळ्यांचे पत्ते टेबलावर आल्याशिवाय निर्णय नको.

या आठवड्याचा गृहपाठ

महागडा खेळ विकत घ्यायची गरज नाही. द माइंड नावाचा २०१८ चा एक खेळ आहे, त्याची कल्पना वापरून मी ट्रेनिंग बॅचमध्ये चिठ्ठ्यांचा खेळ घेते. १ ते १०० आकड्यांच्या चिठ्ठ्या करा, मिसळा. पहिल्या फेरीत प्रत्येकाला एक, दुसऱ्या फेरीत दोन, असं वाढवत न्या. सगळ्यांनी मिळून चिठ्ठ्या लहान ते मोठ्या क्रमाने टेबलावर टाकायच्या. पण बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, पाळी ठरवायची नाही. फक्त समोरच्याकडे लक्ष द्यायचं आणि आपली वेळ ओळखायची. ज्याला सतत बोलायची सवय आहे, त्याची पहिल्या दोन फेऱ्यांत फार तारांबळ उडते. आणि जो कधीच बोलत नाही, तो बऱ्याचदा अगदी नेमक्या वेळी चिठ्ठी टाकतो. सगळे त्याच्याकडे बघायला लागतात. बॅचमधला माझा सगळ्यात आवडता क्षण तोच.

खेळ झाला की लगेच १५ मिनिटांची मीटिंग घ्या. विषय एकच ठेवा, पुढच्या महिन्याची खरेदी. प्रत्येकाने आधी कागदावर दोन ओळी लिहायच्या: मला असं काय दिसतंय जे बाकीच्यांना दिसत नसेल? मग सगळ्यात नवीन माणसापासून वाचायला सुरुवात करा. मालकाचा कागद शेवटी. सगळे कागद वाचून होईपर्यंत कोणी "पण" म्हणायचं नाही.

आणि तुमच्या पार्टनरशिपमध्ये तुम्ही गप्प बसणारे असाल, तर तुमच्यासाठी वेगळा गृहपाठ: या महिन्यात एकदा हिशोबाची वही मागा आणि शांतपणे वाचा. तो तुमचा हक्क आहे, त्यात कोणावर अविश्वास नाही.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. विषय असेल पार्टनरशिप डीडमध्ये कोणते मुद्दे लिहून घ्यायचे. वही-पेन घेऊन या!